बर्फवाल्याची उधारी

"फुलूस! वेन फुलूस? पैसे कुठायत माझे, सालेम?"

ओमान आणि यमनच्या सीमेवर मझ्यूना नावाची व्यापारपेठ आहे. तिथे भर सकाळी, चारी बाजूंना माणसं असताना, आमचे चाचा ओरडत होते. ओरडत होते हा शब्द मी आपला सभ्यपणानं वापरतोय. बाजूला उभ्या असलेल्या दोन ट्रकांचे आरसे तडकले. बसलेला एक उंट उठला आणि सरळ यमनच्या दिशेनं चालू लागला. चौकीवरच्या शिपायानं त्याला कागद विचारले नाहीत, कारण शिपाई टेबलाखाली होता. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी तिथे हजर होतो. टेम्पोच्या मागे होतो, पण हजर होतो.

"मशीन नेलीस तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडलास! आता पैसे मागितले तर फोन उचलत नाहीस? हा सगळा बाजार बघतोय, सालेम! बोल!"

समोर सालेम उभा. उंच, काटकुळा, कमरेला लुंगी आणि पट्ट्यात वाकडी कट्यार. माझी नजर त्या कट्यारीवरून हलेना. चाचा भांडण अरबीत सुरू करायचे, राग चढला की हिंदीत यायचे आणि अगदी टिपेला पोचले की श्रीवर्धनकडच्या बोलीत. त्या वेळी ते श्रीवर्धनला पोचले होते. सालेमला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि सगळं कळत होतं.

सालेम गप्प उभा होता. बाजार त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याला तसाच उभा राहू दे, कारण तो का गप्प होता हे कळायला आधी चाचा कोण ते कळायला हवं.

मस्कतला गाला नावाच्या औद्योगिक भागात, गॅरेजांच्या रांगेत आमची कंपनी. बर्फाच्या मशिनी, कॉम्प्रेसर, जनरेटर विकायचे. मी तिथला हिशेबनीस, डोंबिवलीचा. चाचा वसुलीवाले. रायगडच्या किनाऱ्यावरून मिसरूड फुटायच्या आत आले, दाढी इथेच काळी झाली, इथेच पांढरी झाली, आणि मग मेंदीनं लाल झाली. नाव होतं, पण ते फक्त पासपोर्टला ठाऊक. बाकी बलुची ड्रायव्हरपासून ओमानी मालकापर्यंत सगळे 'चाचा'च म्हणत.

चाचा गालाच्या ऑफिसातून फोनवर बोलू लागले की सोहार बंदरातली जहाजं भोंगा झाला समजून नांगर उचलायची. इब्रीच्या एका दुकानदाराकडे आमची थकबाकी होती. चाचांनी फोन लावला, लाइन लागलीच नाही, तरी संध्याकाळी पैसे आले. दुकानदार म्हणाला, "आवाज आला होता."

कुठलीही गोष्ट संपली असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. चहा संपला म्हणा, महिना संपला म्हणा, गिऱ्हाईक संपलं म्हणा. "खलास बोलू नको, पुणेकर! खलास नाय झालंय काय!" डोंबिवलीच्या माणसाला ते पुणेकर म्हणायचे. मी एकदा दुरुस्ती केली. "तेच तां," म्हणाले, "घाटावरचा तो पुणेकर." डोंबिवली घाटावर नाही हे सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांचा आवाज आधी पोचला होता.

माझी मुलगी इथल्या भारतीय शाळेत. मैत्रिणींशी इंग्रजी, आमच्याशी इंग्रजी, मराठी विचारलं की मान खाली. चाचा घरी आले की गर्जना करायचे, "इंग्लिशमधी बोललीस तर आंबा नाय!" पोरीचं मराठी सहा महिन्यांत सुधारलं. फक्त ते आवाजासकट आलं. शेजारची केरळी बाई अजून विचारते, तुमच्याकडे रोज कसलं भांडण असतं?

पण चाचांची खरी खुबी मला फार उशिरा कळली. ज्या गिऱ्हाइकाकडून पैसे येतील अशी खात्री असे, त्याच्यावर ते ओरडत. ज्याच्यावरची आशा सुटली, त्याच्याशी गोड बोलत. "जी साहेब. नाय नाय, काय घाई नाय. तुमच्या सवडीनं बगा." असा मधात बुडवलेला आवाज कानावर आला की मी पेन उचलून ते खातं बुडीत धरायचो. एकदाही चुकलो नाही. मोठ्या बँकांनी कर्ज देण्याआधी चाचांना ऐकायला बसवलं असतं, तर जगात एक बँक बुडाली नसती.

आणि सालेमवर ते जितके ओरडत, तितके जगात कुणावर ओरडले नाहीत.

सालेम यमनच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावचा. लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी त्यानं आमच्याकडून बर्फाची मोठी मशीन नेली, बहुतेक उधारीवर. गावातल्या सगळ्या होड्यांचा मासा त्याच्या बर्फावर टिकायचा. मग लढाई आली. डिझेल गेलं, वीज गेली, मशीन बंद पडली. आमचे हप्ते थांबले.

चाचांचा फोन थांबला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला, आंघोळ केल्यासारखा नेमानं.

"सालेम! फुलूस?"

"चाचा, डोक्यावर विमानं फिरतायत!"

"फिरूं दे! वरून पैसे टाकतायत काय? नाय ना? मग तू कधी देतोस ते सांग!"

"जगलो तर देईन!"

"जगलो तर म्हंजे? तुला मरायची परमिशन कुनी दिली? माझे पैसे बाकी हायत!"

फोन ठेवला की चाचा माझ्याकडे बघून एकच शब्द बोलायचे, "हाय." आणि चहा मागवायचे. कधी दोन-दोन महिने लाइन लागायची नाही. मग 'संपर्क होऊ शकत नाही' म्हणणाऱ्या टेपवरच्या बाईवर ते ओरडायचे, "तुला नाय विचारलं! सालेमला बोलव!" मी शपथेवर सांगतो, एकदा ती बाई वाक्य मधेच सोडून गप्प झाली.

पुढे लढाई निवळली. थांबली म्हणायचं धाडस करत नाही, पण ट्रक येऊ-जाऊ लागले, होड्यांना रंग लागला. आणि मस्कतच्या हॉटेलांत परिषदा सुरू झाल्या. लढाईनं मोडलेले देश पुन्हा कसे उभे करायचे यावर. आमचे छोटे अर्बाब, म्हणजे मालकांचा मुलगा, नुकतेच लंडनहून शिकून आले होते. ते अशा एका परिषदेला गेले आणि मला पिशवी धरायला नेलं. पडद्यावर रंगीत बाण होते, सगळे वर जाणारे. खाली जाणारा बाण दाखवला असता तर जेवण मिळालं नसतं बहुतेक. एकानं उठून सांगायचं, आम्ही अमुक देशाचं कर्ज माफ केलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग दुसऱ्यानं सांगायचं, आता आम्ही तिथे गुंतवणूक करणार. पुन्हा टाळ्या. ज्यांचं कर्ज माफ झालं ते कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. त्यांच्यातलं कुणी टाळ्या वाजवताना मी पाहिलं नाही, पण मी जेवणाकडे जास्त बघत होतो.

छोटे अर्बाब मात्र डोळे ओले करून परतले. माणूस मनाचा सोन्यासारखा, हे आधीच सांगून ठेवतो. "सालेमचं देणं आपण माफ करायचं," म्हणाले. "आणि मग त्याच्याच गावात नवा, मोठा बर्फाचा कारखाना. अर्धा आपला, अर्धा त्याचा. आधी कर्जमाफी, मग गुंतवणूक."

चाचा तेव्हा भाचीच्या लग्नाला गावी गेले होते. इथेच सगळं बिनसलं. नाहीतर ते पत्र गालाच्या पहिल्या चौकापुढे गेलं नसतं.

पत्र सोनेरी किनारीच्या कागदावर होतं. तुमच्याकडची सारी बाकी आम्ही मनापासून माफ करीत आहोत, अल्लाह तुम्हाला शांती देवो, असा मजकूर. सोबत ओमानी हलव्याची थाळी, एवढी मोठी की त्यात म्हैस डुंबली असती. सालेम सामान भरायला मझ्यूनालाच यायचा, म्हणून तिथे जाणाऱ्या ट्रकबरोबर दोन्ही रवाना झालं. ट्रकवाल्याला वाटलं आनंदाची बातमी आहे, म्हणून त्यानं बाजाराच्या मधोमध उभं राहून पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं.

चाचा परत आले. एक तारीख उजाडली. फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. सालेमनं उचलला नाही. विमानं डोक्यावर असताना फोन उचलणारा माणूस, आता आभाळ मोकळं असताना उचलेना.

चार दिवसांनी ट्रकवाला माल भरायला आला, तेव्हा चाचांनी त्याला धरला. तो बिचारा सांगू लागला. सालेमनं थाळीवर फडकं टाकलं आणि कुणाला हलवा वाटला नाही. त्याच दिवशी डिझेलवाल्यानं सालेमला सांगितलं, यापुढे रोख. जाळी विकणाऱ्यानं सांगितलं, रोख. सगळ्या बाजाराचं म्हणणं एकच: लढाई चालू असताना ज्या चाचानं आशा सोडली नाही, त्यानं आता सोडली, तर या माणसात काही उरलेलं नसणार. सालेमनं मशीन दुरुस्त करून ठेवली होती. हंगाम तोंडावर होता. फक्त डिझेल नव्हतं. बर्फ नसेल तर गावच्या होड्या दुसऱ्या बंदराला लागणार होत्या, आणि एकदा गेलेल्या होड्या परत येत नाहीत.

चाचांनी टोपी नीट केली आणि छोट्या अर्बाबांच्या केबिनमध्ये गेले. मी मागून.

"अर्बाब," चाचा म्हणाले, "आपन फार मोठ्या मनानं केलात. अल्लाह आपल्याला बरकत देवो."

तो मधातला आवाज ऐकून माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. पुरी कंपनी बुडीत खात्यात गेल्यासारखं वाटलं. छोटे अर्बाब मात्र खुलले. "शुक्रन चाचा! बसा, कॉफी घ्या."

"आता ती माफी परत घ्या."

"परत? चाचा, हिशेब बंद झाला. पुस्तकात सालेमच्या नावावर शून्य आहे. विचारा यांना."

मी छताकडे बघितलं. छत चांगलं होतं.

"मग मला त्याच्यावर ओरडायची परवानगी द्या."

"कशाबद्दल? तो आपलं काहीच देणं लागत नाही!"

"तेच तां त्याला लागलंय, अर्बाब."

छोट्या अर्बाबांनी पुस्तक पुढे ओढून ते शून्य पुन्हा बघितलं. मग चाचांनीच वाट काढली. सालेम हप्ते देणार ते नव्या कारखान्यात त्याच्याच नावानं लावायचे, त्याच्या अर्ध्या वाट्याचे म्हणून. कंपनीनं माफ केलेलं माफच राहील, आणि त्यानं द्यायचं तेही तो देईल. परिषदेत या गोष्टीला एक लांबलचक नाव होतं. चाचांनी ते केबिनच्या दारात उभं राहून, नाक पुसता पुसता शोधून काढलं, आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोत नवा कॉम्प्रेसर टाकून निघालो. मस्कतहून मझ्यूना म्हणजे ओमानचं एक टोक ते दुसरं टोक. मधे वाळवंट, इतकं सपाट की उद्या येणारा ट्रक आज दिसतो. रस्ता असा सरळ की मी स्टिअरिंग काढून मागच्या सीटवर ठेवलं आणि डबा खाल्ला. हैमाला चहासाठी थांबलो तेव्हा मी विचारलं, "चाचा, माफी दिली तर एवढं काय बिघडलं? मला कुणी गृहकर्ज माफ केलं तर मी नाचेन."

त्यांनी पेला खाली ठेवला. हळू बोलले, आणि गोडही नाही. तो तिसरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"आमच्यात मयत उचलायच्या आदी पोरगा पुढं येतो. बोलतो, माझ्या बापाकडं कुनाची काय देनी असतील तर माझ्याकडं या, नायतर त्याला माफ करा. मग लोक माफ करतात. यमनवाल्यांच्यात पन तसाच. माफी मयताला देतात, पुणेकर. सालेम तर हाय! वर परत तो हलवा. मातमाच्या घरी पन हलवाच असतो. आपल्या लंडनवाल्या पोराला कुनी सांगितला नाय."

मग बिल देण्यावरून ते हॉटेलवाल्यावर असे ओरडले की मला हायसं वाटलं.

तर आता परत मझ्यूनाच्या बाजारात या. सालेमला आपण मघाशी उभा ठेवलाय.

"बोल सालेम! देनार की नाय? की सांगू सगळ्यांना सालेम संपला म्हनून?"

सालेमचा हात हलला. मी टेम्पोच्या चाकामागे आणखी बसलो. पण हात कट्यारीकडे गेला नाही, कपाळाकडे गेला. त्यानं डोक्यावरचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं, आणि तो असा गरजला की चाचांचा आवाज मला त्यापुढे अंगाईगीत वाटला.

"चोर! तुझ्या मशीनचा पट्टा पहिल्याच महिन्यात तुटला! त्याचे पैसे कापून घेईन!"

"काप! पट्टा काप! बाकीचं टाक!"

"पाव भाग आत्ता देतो! उरलेलं हंगाम झाल्यावर!"

"अर्धा!"

"पाव! आणि एक रियाल जास्त मागितलास तर तुला तुझ्या मशीनमध्ये गोठवीन!"

"लोकांसमोर बोलतोस?"

"लोकांसमोर बोलतोय!"

बाजार समाधानानं हुंकारला. चौकीवरचा शिपाई टेबलाखालून निघून टोपी झटकू लागला. गर्दीतून एक जाडा माणूस कोपरं मारत पुढे आला. डिझेलवाला. त्यानं चाचांकडे बघितलं, सालेमकडे बघितलं, आणि विचारलं, "सालेम, टँकर कधी पाठवू?"

सालेमनं त्याच्याकडे मानही वळवली नाही. "दुपारी," म्हणाला.

तेव्हा मी टेम्पोच्या मागून बाहेर आलो आणि जसा काही पहिल्यापासून पुढेच होतो असा उभा राहिलो.

नंतर तिघं एका टपरीत मटणभाताच्या थाळीभोवती बसलो. दोघा म्हाताऱ्यांचे आवाज बसले होते. सालेम हाडावरचा मऊ मऊ तुकडा सोडवून चाचांच्या बाजूला सरकवायचा. चाचा तो खायचे आणि घोगऱ्या आवाजात पुटपुटायचे, "ह्याचे पैसे हप्त्यात धरनार नाय हां." मी भात आणि मुळा खात होतो. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं.

हंगाम लागला. सालेमच्या गावच्या होड्या गावातच राहिल्या. वर्षभरात नवा कारखानाही उभा राहिला. छोटे अर्बाब उद्घाटनाला गेले आणि कुपा माशाबरोबर फोटो काढून आले. मासा त्यांच्यापेक्षा लांब होता, आणि फोटोत तोच जास्त हुशार दिसत होता, असं मी नाही म्हणत, चाचा म्हणत. दर एक तारखेला गालाच्या ऑफिसात आरडाओरडा व्हायचा, "फुलूस!", आणि पलीकडून त्याहून मोठा आवाज यायचा, "पट्टा!" दर तिमाहीला सालेम मझ्यूनाला येऊन हप्ता द्यायचा. मोजताना दोघं पुन्हा भांडायचे.

पुढच्या ईदला चाचा गावी गेले. दुपारचं जेवण झालं, पडवीत आडवे झाले, ते झालेच. त्यांच्या मुलाचा मला फोन आला. म्हणाला, "मयत उचलायच्या आधी मी उभा राहिलो, रिवाजाप्रमाणे विचारलं, बाबाकडं कुणाचं काय देणं हाय का. सगळे गप. मग एक म्हातारा बोलला, देणं काय नाय, पण माझ्यावर लय ओरडायचा. आता कोण ओरडणार?" मुलगा फोनवर हसला आणि त्यानं फोन ठेवला. अतिशयोक्तीचा मला कधी तुटवडा पडला नव्हता, त्या दिवशी पडला.

हप्त्याची वेळ आली तेव्हा मझ्यूनाला मी एकटा गेलो. निघताना छोटे अर्बाब खिडकीशी आले. "सालेमला सांग, या खेपेचा हप्ता राहू दे. चाचांच्या आठवणीसाठी." डोळे पुन्हा ओले. मी मान हलवली.

सालेम टेम्पोपाशी आला आणि पलीकडच्या रिकाम्या सीटकडे बघू लागला. मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. त्यानं टेम्पोच्या गरम पत्र्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. ओठ हलत होते, प्रार्थना असावी. डिझेलवाला लांबून येत होता, तो हे बघून थबकला आणि त्यानंही दुआसाठी हात उचलले.

मला ओरडता येत नाही. माझा आवाज हिशेबनिसाचा आहे. मी जमेल तितक्या हळुवारपणे म्हणालो, "अर्बाबांनी सांगितलंय, या वेळचा हप्ता राहू द्या."

सालेमनं पत्र्यावरचा हात उचलला, लुंगीच्या पट्ट्यातून नोटांचं पुडकं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"ते गेले," तो म्हणाला. "मी आहे. मोजून घे."